चुकीच्या धावपट्टीवरून उड्डाण कसं टाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. बरीच वर्षं विमान चालवलं, आता गावी राहून वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. ९ ऑक्टोबर २०२१ ला परुळ्याजवळ चिपीच्या सड्यावर विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपावरून विमानं उडू लागली, आणि आमच्याकडच्या पोरांना कॉकपिट एकदम हाताच्या अंतरावर आल्यासारखं वाटू लागलं. ती येऊन विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आखातात नोकरीला असलेले शेजारी सुट्टीवर आले की तेही विचारतात. त्यातले एकाच विषयावरचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हाच विषय घेतला, कारण या चुकीच्या उंबरठ्यावर मी स्वतः एकदा उभा होतो. ते पुढे येईल.

“चुकीची धावपट्टी” म्हणजे नेमकं काय? शेजारची धावपट्टी?

ती एक झाली. पण या नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या चुका येतात. दुसऱ्याच धावपट्टीवरून निघणं. दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून निघणं. धावपट्टी बरोबर, पण तोंड उलट दिशेला. धावपट्टी बरोबर, दिशाही बरोबर, पण मधल्याच फाट्यावरून आत शिरल्यामुळे पुढे पुरेशी लांबी नाही. आणि शेवटची, म्हणजे धावपट्टी समजून टॅक्सीवेवरूनच वेग घेणं. टॅक्सीवे म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत ज्या रस्त्याने जातात तो.

हे वेगळं करून सांगण्याचं कारण असं, की प्रत्येक चूक पकडणारी खूण वेगळी आहे. एका चुकीवर रामबाण असलेला उपाय दुसरीवर काहीच कामाचा नसतो.

इतके अनुभवी वैमानिक, तरी चुकतात कसे? झोपेत असतात का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तो राग मला समजतो. पण उत्तर नीट ऐका.

२७ ऑगस्ट २००६. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लेक्सिंग्टन. पहाटे सहाची वेळ, अजून अंधार. पन्नास माणसं घेऊन निघालेल्या छोट्या जेट विमानाला धावपट्टी २२ दिली होती. ती सुमारे ७,००० फूट लांब. तिकडे जायच्या वाटेवर आधी धावपट्टी २६ लागते. ती जेमतेम ३,५०० फुटांची, रुंदीला निम्मी, आणि तिच्यावर दिवे नव्हते. विमानतळावर बांधकाम चालू होतं, टॅक्सीवेची रचना बदललेली होती, आणि वैमानिकांच्या हातातला नकाशा त्या बदलाशी जुळत नव्हता. विमान २६ वर वळलं आणि तिथूनच धावलं. दिवे नाहीत, हे विचित्र वाटतंय, असं सहवैमानिक धावता धावता बोललाही. कॅप्टनने दुजोरा दिला. दोघांपैकी कुणीही थांबलं नाही. धावपट्टी संपली. ४९ जण गेले. वाचला एकटा सहवैमानिक.

या अपघातातली एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला फळ्यावर काढून दाखवतो. दिशादर्शकावर वैमानिकांनी जी खूण लावून ठेवली होती ती २२७ अंशांवर, म्हणजे बरोबर धावपट्टी २२ साठी. विमानाचं तोंड होतं २६६ अंशांच्या आसपास. डोळ्यांसमोरच्या काट्यात जवळजवळ चाळीस अंशांचा फरक! ज्याला घड्याळ वाचता येतं त्याला तो दिसेल. पण तो पाहिला गेला नाही. टॅक्सी करताना दोघं कामाशी संबंध नसलेल्या गप्पा मारत होते हे तपासात निघालं. आपण बरोबर जागी आलोच आहोत, असं मनाने आधीच धरलेलं होतं.

झोपेत कुणी नव्हतं. माणसाचा डोळा जे अपेक्षित आहे ते आधी पाहतो. अंधारात एक काळा डांबरी पट्टा हवा होता, तो मिळाला. बाकीचं मनाने भरून काढलं. अनुभवी माणसाचं मन हे काम जास्त झपाट्याने करतं, म्हणून अनुभव हे या चुकीवरचं औषध नव्हे.

कोकणात तर बहुतेक ठिकाणी एकच धावपट्टी. मग चुकायला जागा कुठे आहे?

जागा आहे. ५ डिसेंबर २०२४ ला मोपा विमानतळावरून हैदराबादला निघालेलं एक मोठं प्रवासी विमान समांतर टॅक्सीवेवरच उड्डाणासाठी धावू लागलं. टॉवरमधल्या कंट्रोलरने ते पाहिलं आणि विमान थांबवायला लावलं. कुणालाही इजा झाली नाही. धावपट्टी एकच होती, तरीही.

आखातवाल्यांसाठी दुसरं उदाहरण शारजाचं. सप्टेंबर २०१८. तिथेही वापरात एकच धावपट्टी. तिची दोन टोकं, १२ आणि ३०. विमानाला ३० वरून जायचं होतं, तेही मधल्या फाट्यावरून आत शिरून. आत शिरल्यावर ते उलट, १२ च्या दिशेला वळलं. पुढे साधारण १,००० मीटर उरले होते. विमान कसंबसं उडालं, माणसं सुखरूप राहिली. पण त्यात नशिबाचा वाटा किती होता हे ज्याने हिशेब मांडलाय त्याला विचारा.

आणि उत्तर कोकणाकडे पाहिलं तर मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, ०९-२७ आणि १४-३२. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. तिथे आराखड्याप्रमाणे दुसरी समांतर धावपट्टी झाली की आकडा एकच आणि मागे ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ अशी जोडी येणार. तो एक शब्द ऐकायचा राहिला तर काय होतं ते तैपेईच्या उत्तरात खाली दिलंय.

मुंबईकरांना जुनी गोष्ट आठवेल. २४ सप्टेंबर १९७२ ला जपानला जाणाऱ्या मार्गावरचं डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे निघून गेलं. त्याआधी १९५३ मध्ये एका ब्रिटिश कॉमेट जेटनेही हीच चूक केली होती. ही उतरण्याची उदाहरणं आहेत, उड्डाणाची नव्हेत. तरी देतो, कारण जुहू आणि सांताक्रूझ या दोन्ही धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेला आहेत. होकायंत्र तिथे काय बोलणार?

धावपट्टीचा आकडा कसा ठरतो?

चुंबकीय दिशेचे अंश घ्यायचे आणि शेवटचं शून्य काढायचं. २७० अंश म्हणजे २७, पश्चिमेला तोंड. दुसऱ्या टोकाचा आकडा त्यापेक्षा अठराने कमी किंवा जास्त. म्हणून २७ च्या उलट ०९. एवढं पुरे.

ऐकताना आकड्यांचा घोळ होतो का?

होतो, आणि इथे माझी गोष्ट.

शिकत होतो तेव्हाची. त्या मैदानाच्या धावपट्टीची टोकं १३ आणि ३१. आकडे उलटसुलट केले की एकाचं दुसरं होतं. अशा दोनच जोड्या जगात असू शकतात, ही आणि ०२-२०. मांडून बघा, तिसरी निघत नाही. आठवडाभर वारा एकाच बाजूचा होता आणि आम्ही रोज ३१ वरून उडत होतो. त्या दिवशी सकाळी वारा फिरला होता. टॉवरने ‘वन-थ्री’ दिली. मी ‘वन-थ्री’ असंच उलट वाचूनही दाखवलं, अगदी स्पष्ट आवाजात. आणि विमान घेऊन गेलो ३१ कडे.

शेजारी सर बसले होते. ते पूर्ण रस्ता एक अक्षर बोलले नाहीत. होल्डिंग पॉइंटच्या, म्हणजे धावपट्टीत शिरण्याआधी थांबायच्या जागेच्या, पिवळ्या रेघांवर मी ब्रेक लावले, टॉवरला ‘रेडी’ सांगायला बटणावर बोट ठेवलं, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“समोरच्या पाटीवर काय लिहिलंय?”

“वन-थ्री, सर.”

“परत वाच.”

पाटी लाल. अक्षरं पांढरी, माझ्या हाताएवढी उंच. त्यावर ३१ लिहिलेलं होतं. मी तिच्याकडे बघून १३ वाचलं होतं. पाटी विमानाच्या नाकापासून पंधरा-वीस पावलांवर होती, ऊन स्वच्छ होतं. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच १३ दिसलं होतं.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना आकडा ‘बघायला’ सांगत नाही. पाटीवर बोट रोखा आणि एकेक अंक मोठ्याने म्हणा, असं सांगतो. ‘तीन. एक.’ तोंडाला तुकड्यातुकड्याने बोलावं लागलं की डोळ्याला लबाडी करता येत नाही.

धावपट्टीत शिरण्याआधी काय काय पाहायचं?

सगळ्यात मोलाची जागा म्हणजे होल्डिंग पॉइंट. तिथे डांबरावर चार पिवळ्या रेघा असतात. टॅक्सीवेच्या बाजूने दोन सलग, धावपट्टीच्या बाजूने दोन तुटक. सलग रेघा आपल्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय ओलांडायच्या नाहीत. आमच्या घरांतल्या उंबरठ्यासारखं समजा. आत जायचं तर कुठे जातोय ते उंबरठ्याच्या बाहेर ठरवायचं.

लाल पाटीवर पांढरा आकडा म्हणजे पुढे धावपट्टी आहे. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे आत्ता तुम्ही ज्या टॅक्सीवेवर आहात त्याचं नाव. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे कुठला फाटा कुठे जातो.

पाटी वाचली. आता आत शिरताना रंग पाहा. धावपट्टीवरचं सगळं रंगकाम पांढरं असतं. मधली रेघ पांढरी आणि तुटक, सुरुवातीला जाड पांढरे उभे पट्टे, त्यापुढे भलामोठा आकडा. टॅक्सीवेची मधली रेघ पिवळी आणि सलग. रात्री धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे, टॅक्सीवेच्या कडेचे निळे आणि मधले हिरवे. तोंड सरळ केल्यावर दोन्ही बाजूंना निळ्या दिव्यांची ओळ दिसत असेल तर तुम्ही टॅक्सीवेवर आहात, मग मन काहीही म्हणो.

ते जाड पट्टे मोजताही येतात. ४५ मीटर रुंद धावपट्टीला बारा असतात, ६० मीटरला सोळा. बसल्या बसल्या कुणी मोजत नाही हे खरं, पण ‘ही पट्टी अरुंद वाटतेय’ असं मनात आलं तर ते मनातच ठेवू नका.

मधल्या फाट्यावरच्या पाटीवर दोन आकडे असतात. वळायचं कुठे?

इथे भलेभले गडबडतात. समजा पाटीवर डावीकडे १३ आणि उजवीकडे ३१ आहे. याचा अर्थ १३ चं सुरुवातीचं टोक तुमच्या डावीकडे आहे. तुम्हाला १३ वरून उडायचं असेल तर त्या टोकाला पाठ करून, म्हणजे उजवीकडे वळायचं. आकडा डावीकडे दिसतो म्हणून हात डावीकडे जातो, आणि विमान उलट तोंडाने उभं राहतं.

फाट्यावरून निघायचं असेल तर वळायच्या आधी बोला, ‘उजवीकडे वळणार, वळल्यावर दिशा एकशे तीस.’ वळून झाल्यावर काटा एकशे तीस दाखवतोय का ते पाहा. जिथे मध्यरेषेचे दिवे आहेत तिथे आणखी एक खूण मिळते. धावपट्टीच्या शेवटच्या ९०० मीटरमध्ये ते लाल-पांढरे आलटून पालटून असतात आणि अखेरच्या ३०० मीटरमध्ये नुसते लाल. उड्डाणाला उभं राहिल्यावर थोड्याच अंतरावर लाल दिवे दिसू लागत असतील तर पुढे लांबी नाही.

दिशा जुळली म्हणजे झालं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यांत पक्का आहे, म्हणून जरा सविस्तर.

लेक्सिंग्टनला होकायंत्राने वाचवलं असतं, शारजालाही. पण मोपाला नाही, कारण समांतर टॅक्सीवेची दिशा धावपट्टीचीच असते. काटा अगदी बरोबर जागी असतो आणि विमान चुकीच्या पट्ट्यावर. फेब्रुवारी २०१० मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने ॲमस्टरडॅम आणि ऑस्लो इथे दोन विमानं टॅक्सीवेवरून चक्क उडून गेली. दिशा दोन्हीकडे बरोबरच होती.

तैपेईचं तसंच. ३१ ऑक्टोबर २०००, रात्र, तुफान जवळ येत असलेलं, मुसळधार पाऊस. सिंगापूरच्या कंपनीच्या जम्बो जेटला ०५ लेफ्ट दिली होती. विमान त्याच्या समांतर ०५ राइटवर वळलं. ती पट्टी बांधकामासाठी बंद होती आणि पुढे यंत्रसामग्री उभी होती. १७९ जणांपैकी ८३ गेले. दिशा जुळत होती. जुळत नव्हत्या त्या बाकीच्या खुणा. पट्टी ४५ मीटर रुंद होती, हवी होती ६०. मधले दिवे हिरवे होते, हवे होते पांढरे. आणि कॉकपिटमधलं मध्यरेषा दाखवणारं एक उपकरण उघडलंच नव्हतं, कारण त्याला अपेक्षित धावपट्टीचा संकेत मिळत नव्हता. ते का उघडलं नाही, हे विचारायला कुणी थांबलं नाही. वादळ पोहोचायच्या आत निघायचं होतं.

माझे आजोबा मासेमारी करायचे. खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खडप, आणि होडी आत घ्यायची वाट अरुंद. मी लहान असताना एकदा विचारलं, “आबा, देवळाचो कळस दिसलो की वळवायची ना?” ते म्हणाले, “एका खुणेर भरवसो ठेवलंस तर खडपार जातलंस. कळस आणि मागचो डोंगर, दोनय एका रेषेत इले की मगे वळव.” कळस तर कुठूनही दिसतो. दोन खुणा एका रेषेत फक्त एकाच जागेवरून येतात.

विमानाला हेच लागू आहे. एक खूण दिशेची घ्या आणि दुसरी जागेची. दिशा काट्यावरून. जागा पाटीवरून, रंगावरून, नाहीतर ज्या धावपट्टीला लोकलायझर, म्हणजे मध्यरेषा दाखवणारा रेडिओ संकेत, आहे तिथे त्याच्या काट्यावरून. विमान खरोखर मध्यरेषेवर असेल तरच तो काटा मधोमध येतो, शेजारच्या टॅक्सीवेवर तो एका बाजूला जाऊन बसतो. दोन खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. कॅप्टनला वाटतं आणि सहवैमानिकालाही वाटतं, या दोन खुणा धरू नका. दोघं एकाच खिडकीतून एकच गोष्ट पाहत असतात.

टॉवर बघत असतो ना? परवानगी दिली म्हणजे जागा बरोबर असणारच.

मोपाला टॉवरने पाहिलं आणि अनर्थ टळला. लेक्सिंग्टनला कंट्रोलर एकटाच ड्युटीवर होता. परवानगी दिल्यावर तो दुसऱ्या कामाकडे वळला आणि विमान कुठे वळतंय ते त्याने पाहिलं नाही. रात्री, पावसात, दोन-अडीच किलोमीटरवरून दिव्यांच्या ठिपक्यांपैकी कुठला ठिपका कुठल्या पट्टीवर आहे हे ओळखणं किती अवघड असतं ते टॉवरच्या काचेआड उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

‘क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’ याचा अर्थ ‘त्या धावपट्टीवरून जायला मोकळीक आहे’ एवढाच. ‘तुम्ही त्या धावपट्टीवर आहात’ असं त्यात कुणी म्हणत नाही. उलट वाचून दाखवतानाही हेच लक्षात ठेवा. मी ‘वन-थ्री’ बिनचूक वाचून दाखवलं होतं आणि नेलं होतं ३१ कडे.

अमेरिकेत २०१० पासून वाटेत लागणारी प्रत्येक धावपट्टी ओलांडायला कंट्रोलरने वेगळी, नाव घेऊन परवानगी द्यायची असा नियम झाला. चांगला नियम. तुमच्या विमानतळावर वाटेत दुसरी धावपट्टी लागत असेल आणि ती ओलांडायची परवानगी ऐकल्याचं नक्की आठवत नसेल, तर थांबून विचारा.

पावसाळ्यात आमच्याकडे काहीच दिसत नाही. तेव्हा काय करायचं?

जून ते सप्टेंबर सड्यावर ढग जमिनीला टेकतात, हे मी कुणाला सांगायला नको. ओल्या डांबरावर पांढरा आणि पिवळा रंग दोन्ही चकाकतात आणि सारखेच दिसतात. दिव्यांची प्रतिबिंबं पाण्यात पडून एका ओळीच्या दोन होतात. वायपरच्या फटक्यांत पाटी येते आणि जाते.

हळू चाला. टॅक्सी करताना चेकलिस्ट वाचू नका, विमान उभं करून वाचा. शेवटच्या वळणावर दोघांचीही मान वर हवी. मी पाहिलंय, नेमकं त्याच वळणावर एक जण रडार लावत असतो, दुसरा केबिनला सूचना देत असतो, आणि पन्नास टन वजन कुणी न बघता वळतं. पुढच्या विमानाच्या शेपटीमागून जाऊ नका, ते दुसरीकडे निघालेलं असू शकतं.

उन्हाळ्यातला धोका कमी बोलला जातो. आपल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या धावपट्ट्या बहुतेक पूर्व-पश्चिम. संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की सूर्य थेट डोळ्यात येतो, आणि पावसात जे दिसत नाही तेच इथे उजेडात दिसत नाही.

निघण्याआधी किती तयारी करायची?

नोटॅम वाचा, म्हणजे कुठला टॅक्सीवे बंद आहे, कुठे काम चालू आहे याच्या सूचना. नकाशावर ‘हॉट स्पॉट’ म्हणून गोल केलेल्या जागा असतात, जिथे आधी गोंधळ झालाय किंवा होऊ शकतो. त्या बोटाने दाखवून जोडीदाराला सांगा. आणि रोजच्या विमानतळावर जास्त काळजी घ्या. जिथे पाय आपोआप चालतात तिथेच चूक होते. मी आठवडाभर ३१ वर गेलो होतो, म्हणून आठव्या दिवशीही गेलो.

आता यंत्रं आहेत ना, ती ओरडतात म्हणे?

आहेत, आणि चांगली आहेत. टॅब्लेटवरच्या नकाशावर विमानाची जागा सरकताना दिसते. काही विमानांत कुठल्या धावपट्टीशी आलात ते यंत्र बोलून सांगतं, आणि टॅक्सीवेवर वेग घेतला तर इशारा देतं. ज्या विमानात हे नाही ते मागवण्याची मागणी वैमानिकांनी जरूर करावी, माझं ठाम मत आहे. पण प्रत्येक विमानात ते नसतं, शिकण्याच्या छोट्या विमानांत तर नसतंच. आणि तैपेईच्या त्या उपकरणानेही आपलं काम केलं होतं. उघडलं नाही, हाच त्याचा इशारा होता.

कॅप्टन वयाने मोठे. त्यांना “सर, चुकतंय” कसं म्हणायचं?

आपल्या संस्कारात हे जड जातं. घरी काकांसमोर आवाज चढवत नाही तो मुलगा कॉकपिटमध्येही चढवत नाही. म्हणून आवाज चढवू नका, पण शब्द पक्के ठेवा.

‘दिवे दिसत नाहीत, विचित्र आहे’ हे निरीक्षण झालं. ऐकणारा ‘हो’ म्हणून पुढे जातो, आणि लेक्सिंग्टनला तसंच झालं. ‘कॅप्टन, आपण टू-सिक्सवर आहोत, आपल्याला टू-टू दिलीय, थांबा’ हा इशारा झाला. यात कुठे आहोत, कुठे असायला हवं आणि काय करायचं, तिन्ही आलं. ‘सर’ म्हणायचं असेल तर म्हणा, पण ‘थांबा’ गाळू नका. ‘बहुतेक’, ‘वाटतं’, ‘जरा बघता का’ हे शब्द त्या क्षणी वापरायचे नाहीत.

कॅप्टन लोकांनाही सांगणं आहे. उड्डाणाआधीच जोडीदाराला म्हणा, ‘तू थांबा म्हणालास की मी थांबेन, कारण नंतर विचारेन.’ हे ऐकलेला मुलगा वेळेला बोलतो.

एकट्याने उडताना, सोलोला?

जोडीदार नाही, म्हणून स्वतःचा आवाज जोडीदार. होल्डिंग पॉइंटवर पाटी मोठ्याने वाचायची, पट्टीवर आल्यावर डांबरावरचा आकडा मोठ्याने वाचायचा, काटा मोठ्याने वाचायचा. तिन्ही जुळले की मगच थ्रॉटलला, म्हणजे इंजिनचा जोर वाढवायच्या दांड्याला, हात. लाज वाटली तरी, आत कुणी ऐकायला नसतं.

थ्रॉटल पुढे गेल्यावर लक्षात आलं तर?

वेग कमी असेल, साधारण ऐंशी-शंभर नॉट्सच्या आत, तर लगेच थ्रॉटल मागे, ब्रेक, आणि टॉवरला ‘स्टॉपिंग’. वेग जास्त असेल तर व्ही-वनचा विचार येतो, म्हणजे ज्या वेगानंतर थांबणं धोक्याचं ठरतं. पण व्ही-वन हा आकडा बरोबर धावपट्टीच्या लांबीवर काढलेला असतो. चुकीच्या पट्टीवर त्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच मी सगळा जोर पिवळ्या रेघांच्या अलीकडे देतो.

थांबल्यावर एक चूक अनेक जण करतात. घाबरून, चूक लपवायला, झटकन विमान वळवून बाहेर काढतात. तसं करू नका. उभे राहा, कुठे आहात ते टॉवरला सांगा, सांगतील तसं करा. मागून दुसरं विमान उतरत असू शकतं.

आम्ही प्रवासी. खिडकीतून निळे दिवे दिसले तर ओरडायचं का?

नाही. विमान टॅक्सीवेवरूनच जातं, निळे दिवे दिसणारच. खरंच काही विपरीत वाटलं तर जवळच्या केबिन क्रूला शांतपणे सांगा. तुम्ही वैमानिकांना खरी मदत करता ती वेळेत बसून आणि पट्टा लावून. मागे कुणी उभं आहे म्हणून कॉकपिटमध्ये फोन वाजला, की नेमक्या त्या वळणावर एकाची मान खाली जाते.

चूक झाली, पण कुणी पाहिलं नाही. कळवायचं का?

कळवायचं, त्याच दिवशी, स्वतःच्या सहीने. पाटी झाडीआड गेली होती, रंग उडाला होता, दोन फाट्यांची नावं सारखी ऐकू येतात, अशी कारणं फक्त चुकलेल्या माणसालाच ठाऊक असतात. पुढच्या आठवड्यात त्याच फाट्यावर दुसरा कुणी येणार असतो.

मी कळवलं नव्हतं. सरांनी विमान वळवायला लावलं, आम्ही १३ ला गेलो, उडालो, उतरलो, आणि विषय संपला. दोन महिन्यांनी आमच्याच तुकडीतला एक जण १३ दिलेली असताना ३१ च्या पट्ट्यांवर जाऊन उभा राहिला. समोरून छोटं विमान उतरत होतं. ते वेळेत वर उचललं गेलं. संध्याकाळी मेसमध्ये तो म्हणाला, “पाटीवर मला चक्क वन-थ्री दिसलं रे.” मी ताटातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे जाऊन दोन्ही गोष्टी लिहून दिल्या.